आजीला आता फोनवर ऐकू येत नाही, पत्र लिहायला घेतलं पण चार ओळींत संपलं. काय लिहायचं असतं पत्रात?

नेकारकाठी
नमस्कार मंडळी, प्रश्न जरा बावळट वाटेल पण विचारतेच. माझी आजी (आईची आई) ८७ वर्षांची आहे, संगमेश्वर तालुक्यात एका वाडीवर मामा-मामींसोबत असते. मी गेली सहा वर्षं जर्मनीत, स्टुटगार्टला. दर रविवारी आमचा फोन ठरलेला असायचा, पण गेल्या गणपतीपासून तिला फोनवरचं काही म्हणजे काही कळत नाही. कानाचं मशीन आणलंय, पण फोन जवळ नेला की ते शिट्टी मारतं, मग ती वैतागून ते काढते आणि उशीखाली ठेवते. व्हिडिओ कॉलवर मला बघून हसते, "जेवलीस काय गो" विचारते आणि मी तोंड उघडायच्या आत फोन मामीकडे देऊन मोकळी. डोळे मात्र ठणठणीत, दोन्ही मोतीबिंदू काढलेत, पेपर अगदी निविदा सूचनांसकट वाचते.

म्हणून म्हटलं पत्र लिहू. शेवटचं पत्र मी सातवीत मराठीच्या पेपरात लिहिलं असेल, तेही काल्पनिक मैत्रिणीला. कागद घेतला आणि लिहिलं, प्रिय आजी, आम्ही सगळे मजेत आहोत, इकडे थंडी खूप आहे, मल्हारची शाळा छान चालू आहे, तू तब्येतीची काळजी घे. संपलं!! अर्धा तास पेन घेऊन बसले, मग उठून चहा केला. फोनवर आम्ही चाळीस मिनिटं बोलायचो, तेव्हा काय बोलायचो कोण जाणे.

तर कोणी खरंच घरच्यांना पत्र लिहितं का अजून, काय लिहिता, इथून टाकलेलं साधं पत्र वाडीवर पोचतं का, पत्ता मराठीत चालेल का, मायना कसा घालायचा आणि मुलगा आठ वर्षांचा आहे, मराठी बोलतो पण लिहिता येत नाही, त्याला यात कसं घेऊ, सगळंच सांगा.

शंकासुर
रागावू नका पण एवढा खटाटोप कशाला. व्हॉट्सॅपवर मोठ्या अक्षरात टाइप करून मामाला पाठवा, तो दाखवेल आजींना. नाहीतर व्हिडिओ कॉलवर मुलाच्या पाटीवर लिहून दाखवा. पत्र पोचेपर्यंत त्यातल्या बातम्या शिळ्या होतात हो.

नेकारकाठी
@शंकासुर केलंय दोन्ही. रेंज फक्त पडवीच्या एका कोपऱ्यात येते, तिथे ती खुर्ची ओढून बसणार, मामा हातात फोन धरून उभा, त्याला गोठ्याकडे जायची घाई, मग ती भराभर वाचल्यासारखं करते आणि "हां हां बरां" म्हणते. तिने खरंच वाचलं का हे मला कळत नाही आणि तिला परत वाचायचं असेल तर मामाला हाक मारावी लागते. ते तिला नको वाटतं.

शंकासुर
बरं, हा मुद्दा मान्य. माघार.

निवृत्त_डाकपाल
ताई, मी पोस्टात ३४ वर्षं काढली त्यामुळे माझ्या वाट्याचं तेवढं सांगतो, काय लिहायचं ते इतर सांगतील. पत्र पोचतं. वेळ लागतो, पण पोचतं. न पोचलेल्या पत्रांत अर्ध्याअधिक वेळा पत्त्याचीच बोंब असते, हे मी छातीठोक सांगेन.

पत्ता देवनागरीत चालतो. फक्त सगळ्यात खाली देशाचं नाव रोमन लिपीत मोठ्या अक्षरांत लिहा आणि पिनकोडचे आकडे इंग्रजी काढा. तिकडच्या मशीनला फक्त देश कळायला हवा, विमानातून उतरल्यावर पुढचं आमची माणसं बघतात. तरी मी म्हणेन दोन्ही लिप्यांत लिहा, जागा असते पाकिटावर. मु. म्हणून वाडीचं नाव, मग पो., मग ता., जि. आणि पिन. आजकाल लोक नेमकं ते पो. गाळतात, आणि खेड्यात तेच सगळ्यात महत्त्वाचं. गावातल्या शाखा डाकघराला स्वतःचा पिन नसतो, ते ज्या उपडाकघराला जोडलेलं असतं त्याचाच पिन त्याला लागतो. म्हणजे एकाच पिनमध्ये कितीतरी गावं येतात आणि तुम्ही कोकणातल्या, तुम्हाला माहितीये की दर गावात एक मधली वाडी असतेच. पोस्ट कुठलं ते लिहिलं नाही तर पत्र आधी दुसऱ्याच मधल्या वाडीला जाऊन येतं. वर मामांचा मोबाईल नंबर पण टाका.

पिन नीट काढा. ४१५ ने रत्नागिरीकडचे पिन सुरू होतात तसे साताऱ्याचेही होतात, पुढचे तीन आकडे चुकले की आजीचं पत्र कुंभार्ली घाट चढून कराडला निघालं म्हणून समजा. (जाता जाता, हा पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला आणि तो ज्यांनी बसवला ते श्रीराम भिकाजी वेलणकर आपले मराठीच, संस्कृतात कविता करणारे गृहस्थ. आमच्या खात्यात असली माणसं होती एकेकाळी.)

आता उत्तराचं. आजी घरातलं आंतरदेशीय काढून लिहायला बसतील, तर आधीच सांगून ठेवा की अडीच रुपयांचं ते निळं पत्र देशातच चालतं, बाहेर जात नाही. साधं पाकीट घ्यायचं आणि पोस्टात वजन करून सांगतील तेवढी तिकिटं लावायची. तुमचा जर्मनीचा पत्ता त्यांना लिहायला लावू नका, हात थरथरतो आणि ते स्पेलिंग तर मलाही जमायचं नाही. पत्त्याची स्टिकरं छापा आणि पहिल्या पत्रातच पाच-सहा घालून द्या. पत्रात नोटा घालायच्या नाहीत, बियाणं नाही, फूल नाही. साध्या पत्राला ट्रॅकिंग नसतं हे लक्षात ठेवा. आजीच्या पिढीला रजिस्टर करायची सवय असेल, पण १ सप्टेंबर २०२५ पासून देशातलं रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टातच विलीन झालंय, तेव्हा मामांनी आधी काउंटरवर विचारून घ्यावं, नसता वाद होतो.

पाटीपेन्सिल
मी मराठी शिकवते, त्यामुळे तुमच्या सातवीच्या काल्पनिक मैत्रिणीचं पाप माझ्याच जमातीचं आहे, माफ करा :)

मायना. आजीला "प्रिय आजी" लिहिलंत तर ती काही परत पाठवणार नाही, पण ८७ वर्षांच्या बाईला "ती. आजीस शि. सा. न. वि. वि." वाचताना जे वाटेल ते वेगळं. तीर्थरूप आजीस शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष. काही जण म्हणतात तीर्थरूप फक्त आईवडलांना, बाकी थोरांना तीर्थस्वरूप. घालू द्या वाद, आजीला दोन्ही पोचतात. मल्हारचं नाव आलं की आधी चि. लावा, मामीच्या नावाआधी सौ. शेवटी कळावे, लोभ असावा. हे सगळं आता जुनाट वाटतं पण त्याचा एक उपयोग आहे, पहिल्या दोन ओळी आपोआप लिहून होतात आणि कोऱ्या कागदाची भीती जाते.

एक गोष्ट मात्र विसरू नका, कागदाच्या डोक्यावर मधोमध श्री काढा. आणि कागदाचे चारही कोपरे शाबूत हवेत. हसू नका. माझ्या सासूबाईंना त्यांच्या भाच्याने पुण्याहून पत्र पाठवलं, वहीचं पान घाईत फाडलेलं, वरचा कोपरा गेला होता, आणि श्री पण नव्हतं. त्यांनी घडी उघडली, कोपरा बघितला आणि न वाचता मटकन खाली बसल्या. कोपरा फाडलेलं पत्र म्हणजे कोणीतरी गेल्याची बातमी, ते उंबऱ्याबाहेर वाचायचं आणि वाचून फाडून टाकायचं, आत आणायचं नाही. पत्रात काय होतं, तर भाच्याला नोकरी लागली होती! त्यानंतर आठवडाभर त्याचा उद्धार चालला होता.

आणि मजकुराचं म्हणाल तर तुमचं "मजेत आहोत" हेच अडतंय. त्याच्या पुढे काही लिहिताच येत नाही. फोनवर तुम्ही बातम्या सांगत नव्हता, आजी विचारायची आणि तुम्ही उत्तर द्यायचात. आता विचारणारी समोर नाही, तर तिचे प्रश्न तुम्हीच मनात आणा. आज काय केलंस जेवायला? पोळ्या केल्या तर कणीक कुठली मिळते, मऊ होतात का? घरात ऊन कुठून येतं, कपडे कुठे वाळत घालतेस? खाली कोण राहतं, ती बाई बोलते का तुझ्याशी? एवढ्यात दोन पानं भरतील बघा. आणि तिला "तब्येत कशी आहे" विचारू नका, त्यावर "बरी आहे" एवढंच येणार. आंब्याला मोहर आला का, परसातल्या फणसाला किती कुयऱ्या धरल्या, गोठ्यात आता किती जनावरं, असं विचारा, मोजून सांगेल ती.

एका बैठकीत लिहायलाच हवं असंही नाही. कागद फ्रिजवर लावा आणि रोज चार ओळी लिहा, वार घालून. अक्षर मोठं, काळी शाई, ओळीत जागा सोडून. मल्हारला फक्त स्वतःचं नाव मराठीत काढू दे आणि कागदावर हात ठेवून त्याचा आकार गिरवा. दर पत्राला. सहा महिन्यांनी आजी दोन हात एकमेकांवर ठेवून बघेल, किती वाढला ते.

फौजीची_लेक
आमचं गाव सातारा जिल्ह्यातलं, घरटी एक माणूस फौजेत. वडील पण. पत्ता म्हणजे नंबर, हुद्दा, नाव, युनिट आणि ५६ एपीओ (म्हणजे फौजेचं पोस्ट), बास. ते नेमकं कुठल्या डोंगरात आहेत ते पत्त्यावरनं कधीच कळायचं नाही आणि पत्रात पण ते लिहायचे नाहीत, "इकडे थंडी आहे" एवढंच. तर पहिली गोष्ट सांगते, पत्राला नंबर घाला. वडील कोपऱ्यात पत्र क्र. १४, १५ असं लिहायचे, कारण कधी पंधरावं आधी यायचं आणि चौदावं नंतर. मग आईला कळायचं की मधलं एक अजून वाटेत आहे, उगाच काळजी नको. तुमचं एखादं गहाळ झालं तरी आजीला निदान कळेल की तुम्ही लिहिलं होतं.

दुसरी गोष्ट. आईला वाचता यायचं नाही. मी चौथीत होते आणि पत्र मीच वाचून दाखवायचे, आई चुलीपुढे, आजी म्हणजे तिची सासू जात्याजवळ, दोघी ऐकणार. वडलांना हे माहीत होतं. त्यांच्या दर पत्रात एक ओळ ठरलेली, "तांबडी गाय मारकी होती ती आता कशी आहे, जपून राहा." आणि आई मला उत्तर सांगायची, "लिही, तांबडी गाय गेल्या महिन्यापासून बरी आहे, वैरण खाते." मी इमानेइतबारे लिहायचे. आमच्यात तांबडी गाय नव्हतीच हो! एक म्हैस होती, काळी. मला वाटायचं वडील इतके लांब राहून विसरले असतील. लग्न झाल्यावर कधीतरी आईला विचारलं तर पदर तोंडाला लावून हसायला लागली. तांबडी गाय म्हणजे आजी, तिच्याच समोर बसून तिचीच खुशाली चाललेली!

सांगायचा मुद्दा, तुमच्या आजी स्वतः वाचतात हे लई मोठं आहे. मामींबद्दल काही लिहायचं असेल तर जपून, पत्र घरात सगळे वाचतात. गाय ठरवून घ्या आधी :D

गिरणगाव७४
वरच्या ताईंचं वाचून हसायला आलं आणि मग हसू गेलं, कारण आमच्याकडे पत्र म्हणजे मनिऑर्डर. वडील लालबागला गिरणीत, आजी कणकवलीजवळ गावी. पगार झाला की वडील मनिऑर्डर करायचे, त्या फॉर्मला खाली एक छोटा तुकडा असायचा निरोपासाठी, बोटभर जागा. त्यात वडील लिहायचे "पैसे पाठवले आहेत. कौलं बघून घेणे. बाबू दुसरा आला." बाबू म्हणजे मी. एवढ्या जागेत पावसाळ्याची काळजी आणि माझा निकाल दोन्ही बसवायचे, आता लोकांना अडीचशे अक्षरं पुरत नाहीत.

पोस्टमन पैसे मोजून आजीच्या हातात द्यायचा, तो तुकडा फाडून तिच्याजवळ ठेवायचा, तिचा अंगठा घ्यायचा आणि पोचपावती परत लालबागला यायची. आजीला लिहिता येत नव्हतं. तिचं उत्तर म्हणजे तो अंगठा. वडील पावती आली की खिडकीजवळ नेऊन बघायचे. एकदा अंगठ्याचा ठसा अर्धवट उठला होता, नुसतीच कड, तर त्यांनी गावाहून आलेल्या एका माणसाला गाठून विचारलं की म्हातारीच्या हाताला काय झालंय. विळीवर कापला होता अंगठा, चिंधी बांधली होती. ठशावरून ओळखलं त्यांनी!

८२ च्या १८ जानेवारीला संप सुरू झाला आणि काही महिन्यांत मनिऑर्डर बंद पडली, पाठवणार काय. पत्र लिहायला वडलांना लाज वाटायची, पैशाशिवाय नुसतं पत्र कसं पाठवायचं म्हणून. पाच-सहा महिने काहीच गेलं नाही गावाला. शेवटी आजीनेच शेजारच्या पोराकडून पोस्टकार्ड लिहून घेतलं, "पैशे नाय तर नाय, कागद तरी धाड." ते कार्ड माझ्याजवळ आहे.

तेव्हा ताई, आजींना लिहायचा कंटाळा आला किंवा हात चालेना तर त्यांच्याकडून दोन पानी पत्राची अपेक्षा ठेवू नका. सही आली, अंगठा आला, तरी ते उत्तरच.

पाटीपेन्सिल
@गिरणगाव७४ दादा, काय लिहिलंत. ते कार्ड प्लास्टिकमध्ये ठेवा, कॅपिटल सेलोटेप लावू नका, पिवळी पडते.

शंकासुर
"कॅपिटल सेलोटेप" म्हणजे काय हो ताई?

पाटीपेन्सिल
फोनने घातलं ते, मी नुसतं सेलोटेप लिहिलं होतं. तुमच्या व्हॉट्सॅपचे हे धंदे, म्हणून हाताने लिहावं :)

नेकारकाठी
पाच आठवड्यांनी परत आलेय, कारण सांगायला काहीतरी आहे.

तुम्हा सगळ्यांचं ऐकलं. कागद फ्रिजवर लावला, रोज थोडं लिहिलं. कणीक लिहिली, वाळत घालायचे कपडे लिहिले (इथे थंडीत तळघरात वाळत घालतात, हे तिला अजिबात पटणार नाही माहीत होतं), खालच्या मजल्यावरची म्हातारी आणि तिचं कुत्रं लिहिलं. नऊ दिवसांत सहा पानं झाली! मग कळलं की १.२५ युरोच्या तिकिटात २० ग्रॅमच जातात आणि ए-४ चा एक कागद पाच ग्रॅमचा असतो, म्हणजे पाकीट धरून तीन कागद म्हणजे अगदी कडेलोट. दोन्ही बाजूंनी लिहून तीन कागदांत बसवलं, त्यात मल्हारचा हात, स्टिकरं पण त्यातच चिकटवली. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवून घरातले तिघं श्वास रोखून उभे. १९ आला. वर श्री, कोपऱ्यात पत्र क्र. १, चारही कोपरे शाबूत.

सोळाव्या दिवशी मामाचा मेसेज, पोचलं. आणि काल उत्तर आलं!! डाकपाल काका, तुम्ही म्हणालात तेच झालं, तिने आधी आंतरदेशीयवरच लिहिलं, पोस्टातला पोरगा म्हणाला आजी हे बाहेर जायचं नाही, तर तिने ते फाडलं नाही की परत लिहिलं नाही, तसंच घडी घालून पाकिटात घातलं. माझं स्टिकर जरा तिरकं आहे पण आहे.

सुरुवातच अशी, "चि. सौ. ... हीस अनेक आशीर्वाद. तुझे पत्र पावले. अक्षर मोठे काढलेस ते बरे केलेस पण ओळी उताराला लागल्या आहेत, खाली पुठ्ठा घेत जा." मग तळघरात कपडे वाळवण्याबद्दल चार ओळी, मला धरून. कुबट वास येईल, पोराला घालू नको. फणसाला एकोणीस कुयऱ्या आहेत, वानर येऊन गेले नाहीत तर. मल्हारचा हात तिने मामीच्या हातावर ठेवून बघितला. कानाच्या मशीनबद्दल एक शब्द नाही. आणि गिरणगाव दादा, सगळ्यात खाली ता. क. घालून तिने स्वतःच्या हाताचा आकार काढलाय बॉलपेनने. अंगठ्याजवळ रेघ तुटलीय, तिथे पेन उचललं असेल. मल्हारने लगेच आपला हात त्यावर ठेवला आणि म्हणाला, पणजीची करंगळी वाकडी का आहे. मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं बघतेय तिला, करंगळी वाकडी आहे हे कधी लक्षातच आलं नाही. पत्र क्र. २ मध्ये पहिला प्रश्न तोच आहे.

आता एक अडचण. तिने विचारलंय, तिकडे शेवग्याच्या शेंगा मिळतात का आणि कशा भावाने. मिळतात, एशियन दुकानात. भाव युरोत लिहू की रुपये करून?

निवृत्त_डाकपाल
युरोत लिहा. रुपये केलेत तर आजी दोन दिवस जेवणार नाहीत.

फौजीची_लेक
आणि शेंगांऐवजी तांबडी गाय लिहा.